मातीच्या जमिनीचे सारवण

मातीच्या जमिनीचे सारवण म्हणजे घर, ओसरी किंवा अंगण यांच्या मातीच्या जमिनीवर शेण, माती व पाणी यांच्या काल्याचा पातळ थर हाताने पसरवून तिचा पृष्ठभाग नव्याने तयार करण्याची रीत होय. झिजलेला थर खरडून काढणे, खळगे भरणे, चोपून सपाटी आणणे, अस्तर देणे आणि शेवटी सारवणे असे या कामाचे टप्पे आहेत. आठवड्याच्या सारवणात केवळ शेवटचा टप्पा असतो. सर्व टप्प्यांसह केलेली दुरुस्ती सहसा पावसाळा संपल्यावर, दसरा-दिवाळीच्या आधी केली जाते. लाकडी जमीन घासून तिला पुन्हा रोगण देण्याच्या कामाशी या रीतीचे तत्त्व मिळतेजुळते आहे. दोन्हींत वापराची झीज वरचा पातळ थर सोसतो आणि तो थर वेळोवेळी बदलला जातो.

भारताच्या २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४७ टक्के कुटुंबे मातीची जमीन असलेल्या घरांत राहत होती. महाराष्ट्रात विदर्भ, कोकण, खानदेश व मराठवाडा या सर्व विभागांत सारवणाची परंपरा आहे. स्थानिक मातीच्या गुणधर्मांनुसार तिच्या तपशिलात फरक आढळतो.

शब्द व अर्थछटा

मराठीत लेप देण्याच्या क्रियांसाठी वेगवेगळे शब्द आहेत. आडव्या जमिनीवर शेणकाला पसरवणे म्हणजे सारवणे. कुडावर किंवा भिंतीवर माती थापून बसवणे म्हणजे लिंपणे. कापडाच्या बोळ्याने पातळ माती किंवा चुना फिरवणे म्हणजे पोतारणे. आणि तो बोळा म्हणजे पोतेरे. भिंतीवरील जाड थराला गिलावा म्हणतात. अंगणात पातळ शेणपाणी शिंपडणे म्हणजे सडा घालणे. सडा-सारवण हा जोडशब्द दोन्ही कामे मिळून वापरला जातो.

चूक झाकण्यासाठी केलेल्या बोलण्याला मराठीत 'सारवासारव' म्हणतात. भेगाळलेल्या जमिनीवर नुसता वरून थर फिरवला की ती काही काळ सुबक दिसते, परंतु आतील दोष कायम राहतो. हा वाक्प्रचार या अनुभवाशी नेमका जुळतो. प्रत्यक्ष कामातही सारवणाचा टिकाऊपणा शेवटच्या थरापेक्षा त्याखालील तयारीवर अवलंबून असतो.

वर्धा परिसरातील माती

वर्धा शहर आणि त्याला लागून असलेली बोरगाव मेघे, सावंगी मेघे, सिंदी मेघे ही गावे दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाच्या प्रदेशात येतात. या खडकापासून बनलेली काळी कापसाची माती शेतीला उत्तम असली तरी जमीन करण्यासाठी अयोग्य ठरते. तिच्यातील माँटमोरिलोनाइट हे चिकणखनिज पाणी शोषून फुगते व वाळताना आकसते. म्हणूनच उन्हाळ्यात या भागातील शेतांना खोल भेगा पडतात. अशा मातीने केलेली जमीन पावसाळ्यात उचलली जाते आणि उन्हाळ्यात फाटते.

यावर गावांनी शोधलेला उपाय म्हणजे मातीची निवड. मराठी ग्रामव्यवस्थेत पिकाऊ जमिनीला 'काळी' आणि गावठाणाच्या जमिनीला 'पांढरी' म्हणण्याची प्रथा आहे. दीर्घकाळ वस्ती असलेल्या जागेवर पडझड झालेल्या भिंती, राख व चुनखडीचे कण मिसळून राखाडी, कमी चिकट माती तयार होते. ही पांढरी माती कमी आकसत असल्यामुळे भिंती व जमिनी यांसाठी पसंत केली जाते. तिच्याखाली भर म्हणून मुरूम वापरतात.

पांढऱ्या मातीच्या मागणीला दुसरी बाजूही आहे. पडक्या गढ्या आणि गावालगतची टेकाडे येथून ही माती वर्षानुवर्षे नेली गेली. अशा अनेक टेकाडांच्या पोटात प्राचीन वसाहतींचे थर असतात. वर्धा जिल्ह्यातील पवनार येथे झालेल्या उत्खननात असेच अवशेष मिळाले आहेत. माती काढताना हे थर कायमचे नष्ट होतात. त्यामुळे जुन्या टेकाडांऐवजी पडलेल्या घराची स्वतःची माती भिजवून पुन्हा वापरणे इष्ट मानले जाते.

सेवाग्राम

वर्ध्यापासून सुमारे ८ किलोमीटरवर असलेले सेवाग्राम हे मातीच्या बांधकामाचे देशातील एक प्रसिद्ध उदाहरण आहे. महात्मा गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगाव या खेड्यात आले. बुलढाणा जिल्ह्यातील शेगावशी नामसाधर्म्यामुळे टपालात घोटाळा होत असल्याने १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम ठेवण्यात आले. आदी निवास, बा कुटी व बापू कुटी या वास्तू माती, बांबू, स्थानिक लाकूड आणि कौले यांतून उभारलेल्या आहेत. बापू कुटी ही आधी मीराबेन यांची कुटी होती. तिच्या भिंतींवर त्यांनी मातीत उठावाची चित्रे केलेली आहेत. कुट्यांच्या मातीच्या पृष्ठभागांची निगा माती-शेणाच्या लेपाने राखली जाते. बैठक जमिनीवर चटई अंथरून होत असल्यामुळे जमिनीची सपाटी आणि कोरडेपणा यांना तेथे विशेष महत्त्व होते.

वर्ध्याजवळ दत्तपूर येथील ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने मातीची घरे आणि स्वस्त ग्रामीण गृहबांधणी यांवर काम केले आहे. या केंद्राची स्थापना देवेंद्रकुमार यांनी १९७६ मध्ये केली.

जमिनीची रचना

चांगली मातीची जमीन एकसंध नसून थरांची बनलेली असते. खालून वर हे थर पुढीलप्रमाणे असतात.

१. भराव: दगडगोटे किंवा जाड मुरूम. यातील मोकळ्या जागांमुळे जमिनीतील ओल वर चढण्यास अटकाव होतो.

२. पाया: ओलसर मुरूम व माती यांचा धुमसाने ठोकून बसवलेला थर.

३. अस्तर: माती, रेती व कुटार यांचा १० ते २० मिलिमीटर जाडीचा थर. जमिनीची सपाटी आणि उतार यांवर ठरतात.

४. सारवण: शेणकाल्याचा १ ते २ मिलिमीटर जाडीचा थर. झीज होते ती याच थराची, आणि वरचेवर बदलला जातो तोही हाच थर.

घराचे जोते आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच असणे आवश्यक असते. जोते बुटके असेल तर पावसाळ्यात ओल खालून वर येते आणि कितीही सारवले तरी थर धरत नाही.

साहित्य

माती

अस्तरासाठीच्या मातीत चिकणमातीचे प्रमाण साधारण १५ ते ३० टक्के असावे. ते कमी असेल तर थर भुसभुशीत होतो. जास्त असेल तर भेगा पडतात. मातीची घरगुती चाचणी सोपी आहे. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती घालून उरलेली बरणी पाण्याने भरतात, जोरात हलवतात आणि स्थिर ठेवतात. रेती काही मिनिटांत तळाला बसते, गाळ काही तासांत बसतो आणि चिकणमाती बसण्यास एक दिवस किंवा अधिक वेळ लागतो. थरांची उंची मोजून अंदाज येतो. दुसऱ्या चाचणीत ओल्या मातीची चपटी वडी थापून सावलीत वाळवतात. वडीला भेगा गेल्या तर मातीत रेती किंवा कुटार वाढवतात.

शेण

सारवणासाठी गाय, बैल किंवा म्हैस यांचे ताजे शेण वापरतात. ताज्या शेणात सुमारे ८० टक्के पाणी असते. उरलेल्या भागात मुख्यतः न पचलेले वनस्पतिजन्य तंतू, चिकट पदार्थ आणि खनिजे असतात. जनावरे कोरड्या चाऱ्यावर असतील तर शेण तंतुमय व घट्ट होते. हिरव्या चाऱ्यावर ते पातळ होते आणि काल्यात पाणी कमी घालावे लागते.

भर आणि रंग

अस्तरात गव्हांडा, भाताचा तूस किंवा कुटार मिसळतात. मिश्रण दोन ते चार दिवस भिजवून मुरवले की ते अधिक चिकट होते. शेवटच्या थरात काही ठिकाणी चुलीची चाळलेली राख घालतात. कडेने गेरू, चुना किंवा पांढऱ्या मातीचा पट्टा ओढण्याची पद्धत आहे.

हत्यारे

खरडण्यासाठी खुरपे, झाडण्यासाठी खराटा व केरसुणी, ठोकण्यासाठी धुमस, सपाट करण्यासाठी चोपणे, माती चाळण्यासाठी चाळण आणि काला कालवण्यासाठी घमेले लागते. चोपणे ही तिरप्या दांड्याची चपटी लाकडी फळी असते. चकाकी आणण्यासाठी नदीतला गुळगुळीत गोटा वापरतात. सपाटी पाहण्यासाठी सरळ लाकडी पट्टी आणि ताणलेली दोरी पुरते.

कृती

पाहणी

प्रथम जमिनीवर गोट्याने ठोकून पाहतात. आवाज भरीव आला तर थर घट्ट आहे असे समजतात. आवाज पोकळ आला तर वरचा पापुद्रा खालच्या थरापासून सुटलेला असतो. ओलसर डाग, उंदीर-घुशींची बिळे, वाळवीच्या वाटा आणि भिंतीलगतच्या फटी यांची नोंद घेतात. ओलीचे किंवा वाळवीचे कारण दूर केल्याशिवाय पुढील काम करू नये.

खरडणे

वर्षानुवर्षे एकावर एक दिलेले सारवणाचे थर मिळून जाड होतात आणि पोपडे धरू लागतात. सुटलेला भाग खुरप्याने खरडून काढतात. घट्ट बसलेला थर मुद्दाम उकरला जात नाही. कोरडी धूळ श्वासावाटे आत जाऊ नये म्हणून आधी पाण्याचा हलका हबका मारतात आणि नाकातोंडावर मास्क किंवा कापड बांधतात. लहान मुलांना व दम्याच्या रुग्णांना या वेळी खोलीबाहेर ठेवणे योग्य असते. खरडलेली माती टाकून न देता चाळून, भिजवून अस्तरात पुन्हा वापरता येते. मात्र उंदरांची विष्ठा किंवा सांडपाणी मिसळलेली माती वापरू नये.

खळगे व भेगा भरणे

खळग्याच्या कडा उभ्या कापून घेतात, कारण पातळ होत गेलेल्या कडेवर नवा थर टिकत नाही. तळ व कडा पाण्याने ओल्या करतात. कोरडी जुनी माती नव्या मातीतील पाणी शोषून घेते आणि जोड सुटतो. खोल खळगा एकदम न भरता तीन-चार बोटे जाडीचे थर देऊन प्रत्येक थर ठोकतात. रुंद भेग आधी खुरप्याच्या टोकाने थोडी रुंदावून तिच्यात कुटारमिश्रित माती दाबून भरतात.

चोपणे व अस्तर

जमिनीला दाराच्या किंवा मोरीच्या दिशेने किंचित उतार ठेवतात. अस्तराची माती पसरून पट्टीने सारखी करतात व अर्धवट वाळू देतात. बोटाने दाबल्यावर ठसा उमटतो परंतु माती चिकटत नाही, अशा अवस्थेत चोपण्याने चोपतात. फार ओली असताना चोपल्यास पाणी वर येते, तर फार वाळल्यावर चोपल्यास भेगा पडतात. पहिल्या एक-दोन दिवसांत पडलेल्या बारीक भेगा त्याच मातीच्या पातळ लगद्याने बुजवून पुन्हा चोपतात.

सारवणे

ताजे शेण आणि चाळलेली माती साधारण समान भागात घेऊन पाण्यात कालवतात व त्यातील खडे आणि काड्या काढून टाकतात. काला पिठल्याइतका दाट असावा. आठवड्याच्या सारवणासाठी तो याहून पातळ ठेवतात आणि माती कमी किंवा अजिबात घालत नाहीत. नवीन मातीचा वापर करताना आधी कोपऱ्यात हातभर जागेवर नमुना लावून पाहणे हितावह असते.

जमिनीवर पाणी शिंपडून काम दूरच्या कोपऱ्यातून सुरू करतात आणि मागे सरकत दाराकडे येतात. तळहाताने अर्धवर्तुळाकार फटकारे मारत काला पसरतात. प्रत्येक नवा फटकारा आधीच्या फटकाऱ्याच्या कडेवर येतो, त्यामुळे जोड उरत नाही. सारवलेल्या जमिनीवर दिसणारी कमानींची नक्षी यातूनच तयार होते. काम एका बैठकीत पूर्ण करावे, कारण वाळलेल्या कडेला नंतर लावलेला काला वेगळा उठून दिसतो.

मोजमाप सहज काढता येते. १० फूट लांब व १० फूट रुंद खोलीचे क्षेत्रफळ १०० चौरस फूट, म्हणजे सुमारे ९.३ चौरस मीटर असते. तिला १ मिलिमीटरचा थर देण्यास सुमारे ९ लिटर काला लागतो. १० मिलिमीटरच्या अस्तराला सुमारे ९३ लिटर ओले मिश्रण लागते.

वाळवणे व घोटणे

थर सावलीत हळूहळू वाळू द्यावा. कडक ऊन किंवा जोराचा वारा यामुळे वरचा भाग आधी आकसतो व जाळीदार भेगा पडतात. उन्हाळ्यात पातळ सारवण काही तासांत वाळते, तर पावसाळ्यात त्याला दिवसभर किंवा अधिक वेळ लागू शकतो. अंगणात अथवा देवघरात अधिक गुळगुळीत पृष्ठभाग हवा असेल तर अर्धवट वाळलेल्या थरावर गोटा दाबून फिरवतात. याला घोटणे म्हणतात. घोटल्यामुळे मातीचे चपटे कण पृष्ठभागाला समांतर बसतात, सूक्ष्म छिद्रे कमी होतात आणि धूळ उडण्याचे प्रमाण घटते.

शेणाचे कार्य

शेण मातीत अनेक प्रकारे काम करते. त्यातील बारीक तंतू आकसताना येणारा ताण वाटून घेतात, त्यामुळे एका मोठ्या भेगेऐवजी डोळ्यांना न दिसणाऱ्या अनेक सूक्ष्म भेगा तयार होतात. चिकट पदार्थ कणांना बांधून ठेवतात. बुर्किना फासोमधील मातीच्या विटांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की शेणातील घटकांची मातीतील केओलिनाइट व बारीक क्वार्ट्झ यांच्याशी अभिक्रिया होऊन पाण्यात न विरघळणारे संयुग तयार होते. हे संयुग कणांना जोडते व विटांची पाण्याला तोंड देण्याची क्षमता वाढवते.

हा परिणाम मर्यादित असतो. शेणामुळे माती पाण्यात लवकर विरघळत नाही, परंतु ती सिमेंटसारखी जलरोधक होत नाही. साचलेले पाणी आणि रोजची धुलाई सारवलेली जमीन सोसू शकत नाही. त्यामुळे मोरी, न्हाणी व पाणी ठेवण्याची जागा येथे पूर्वीपासून दगडी फरशी वापरली जाते.

ऋतुमान व सण

वर्दळीच्या खोल्या आठवड्यातून एक-दोनदा, चुलीभोवतीची जागा रोज आणि अंगण सणासुदीला सारवण्याची रीत आहे. पोळ्याला बैल दारी येतात म्हणून अंगण तयार केले जाते. दिवाळीपूर्वी घराची सर्वांगीण दुरुस्ती होते. सारवणाचा गडद पृष्ठभाग पांढऱ्या रांगोळीला उठाव देतो.

कोकणात पावसाळ्यात अंगणाची माती वाहून जाते व वर गवत उगवते. पावसानंतर गवत काढून, माती खणून, पाणी घालून व चोपण्याने चोपून अंगण नव्याने केले जाते. मळणीच्या खळ्यासाठीही हीच पद्धत वापरली जात असे. मध्यभागी तिवडा रोवून त्याभोवतीची जमीन चोपून सारवली की धान्यात माती व खडे मिसळत नसत. मळणीयंत्र आल्यानंतर खळी करण्याची प्रथा बऱ्याच अंशी मागे पडली.

नेहमी आढळणारे दोष

जाळीदार भेगा: मातीत चिकणमाती जास्त असणे किंवा थर घाईने वाळणे. रेती व कुटार वाढवून आणि सावली करून हा दोष टळतो.

पोपडे सुटणे: खालचा थर कोरडा, धुळकट किंवा सैल असताना सारवणे. सुटलेला भाग खरडून, झाडून व ओला करून पुन्हा थर देतात.

सतत धूळ उडणे: मातीत चिकणमाती कमी असणे किंवा चोपणे अपुरे होणे.

काळे-हिरवे डाग व कुबट वास: बुरशी. ओल, हवा खेळती नसणे किंवा थर फार जाड असणे ही कारणे असतात.

सिमेंटचा पातळ थर फुटणे: मातीच्या जमिनीवर थेट ओढलेला सिमेंटचा पातळ हात थोड्याच काळात तडकतो, कारण खालची माती ओलीनुसार हलते आणि कडक थर हलू शकत नाही. सिमेंटची जमीन करायची असल्यास माती काढून, भराव ठोकून व पुरेशा जाडीचे काँक्रीट घालूनच करावी लागते.

आरोग्य

सारवणामुळे धूळ बसते, जमीन समतल राहते आणि भेगा बुजतात. विदर्भात भेगा बुजवण्याला आरोग्याच्या दृष्टीने खास महत्त्व आहे. वाळूमाशी हा बारीक कीटक मातीच्या भिंती व जमिनी यांच्या ओलसर, सेंद्रिय पदार्थयुक्त फटींत वाढतो. तिच्यामुळे पसरणाऱ्या चांदिपुरा विषाणूला नागपूरजवळील चांदिपुरा या गावाचे नाव मिळाले आहे. हा विषाणू १९६५ मध्ये तेथे आढळला. त्यामुळे होणारा मेंदूज्वर लहान मुलांना अतिशय घातक ठरू शकतो. म्हणून घरातील फटी लिंपून घेणे हा प्रतिबंधाचा एक भाग मानला जातो. केवळ वरून सारवून भेगा झाकल्यास हा उद्देश साध्य होत नाही.

शेण जंतुनाशक असल्याची समजूत सर्वत्र आढळते. परंतु ताज्या शेणात ई. कोलाय, साल्मोनेला यांसारखे रोगकारक जिवाणू असू शकतात. वाळल्यावर त्यांची संख्या घटते, तरी ओल्या सारवणावर रांगणाऱ्या मुलांना सोडू नये आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत असे सुचवले जाते. धनुर्वाताच्या जिवाणूंचे बीजाणू माती व जनावरांच्या विष्ठेत दीर्घकाळ टिकून राहतात. हातापायांना जखम असताना उघड्या हातांनी सारवू नये. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. नवजात बालकाच्या नाळेला शेण, माती वा राख लावण्याची जुनी प्रथा याच कारणाने प्राणघातक ठरत असे. लसीकरण व सुरक्षित प्रसूती यांमुळे भारताने माता व नवजात बालकांतील धनुर्वाताचे निर्मूलन साधल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले.

अंकुशकृमीच्या अळ्या मानवी विष्ठेने दूषित झालेल्या ओलसर मातीतून अनवाणी पायांच्या त्वचेवाटे शरीरात शिरतात. शौचालयाचा वापर आणि पायांत चप्पल असणे हे यावरील मुख्य उपाय आहेत.

पक्क्या जमिनीचा मुलांच्या आरोग्यावर होणारा परिणाम मेक्सिकोत मोजला गेला. तेथील कोआविला राज्यात २००० साली मातीच्या जमिनींच्या जागी सिमेंटच्या जमिनी देणारा 'पिसो फिर्मे' हा कार्यक्रम सुरू झाला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार जमीन पूर्णपणे बदललेल्या घरांतील लहान मुलांत परजीवी जंतांचे प्रमाण ७८ टक्क्यांनी, अतिसार ४९ टक्क्यांनी आणि रक्तक्षय ८१ टक्क्यांनी कमी झाला. मात्र मेक्सिकोतील त्या जमिनी आणि नियमित सारवलेली भारतीय जमीन यांची थेट तुलना त्या अभ्यासात केलेली नाही.

शेणाची रासायनिक नक्कल धोकादायक ठरली आहे. तमिळनाडूच्या कोइमतूर परिसरात शेणाऐवजी अंगणात शिंपडण्यासाठी 'सानी पावडर' या नावाने हिरवी व पिवळी रंगभुकटी विकली जात असे. ही भुकटी म्हणजे मॅलाकाइट ग्रीन किंवा ऑरमाइन ओ हे कृत्रिम रंग असून पोटात गेल्यास ते तीव्र विषारी असतात. त्यांमुळे तेथे विषबाधेने मृत्यू झाले आहेत.

श्रम व बदलती स्थिती

सारवणाचे काम परंपरेने स्त्रियांकडे राहिले आहे. शेण गोळा करणे, पाणी आणणे, माती चाळणे आणि उकिडवे बसून सारवणे ही कामे शेतावरील व स्वयंपाकघरातील श्रमांत भर घालतात. या कामाला मोबदला नसल्याने घराच्या खर्चाच्या हिशेबात ते सहसा धरले जात नाही. मातीची जमीन फुकट पडते असे म्हटले जाते, तेव्हा हा श्रम त्यातून वगळलेला असतो.

बोरगाव मेघेसारख्या शहरालगतच्या वस्त्यांत आता सिमेंट व टाइल्सच्या जमिनींना पसंती मिळते. घरी जनावरे नसतील तर शेण विकत किंवा मागून आणावे लागते आणि कुटार, पांढरी माती ही सामग्रीही सहज मिळत नाही. सारवणाचे प्रमाण घटले, तसे मातीची पारख आणि चोपण्याची वेळ ओळखण्याचे कौशल्य असलेली माणसेही कमी झाली आहेत. ऐतिहासिक मातीच्या वास्तूंचे जतन याच कौशल्यावर अवलंबून असते.

लाकडी व इतर जमिनींशी तुलना

महाराष्ट्रात लाकडी जमीन मुख्यतः जुन्या वाड्यांचे वरचे मजले, वसाहतकालीन इमारती आणि क्रीडागृहे यांत आढळते. लाकडी जमिनीचे नूतनीकरण करताना वर आलेले खिळे आधी खोल ठोकतात. त्यानंतर जाड्या दाण्याच्या पॉलिशपेपरपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने बारीक दाण्याच्या पेपरने तंतूंच्या दिशेने घासतात. साधारणतः ४०, ६०, ८० व १०० किंवा १२० असा क्रम ठेवतात. मग धूळ पूर्ण काढून तेल, मेण किंवा वार्निश देतात. लाकडाची धूळ हे कर्करोगाचे सिद्ध कारण म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने वर्गीकृत केले आहे. त्यामुळे मास्क आणि धूळ ओढणारे यंत्र आवश्यक ठरते.

दोन्ही कामांतील मुख्य फरक द्रव्याच्या नाशाचा आहे. सुमारे १८ ते २० मिलिमीटर जाडीच्या लाकडी फळीत जोडाच्या खाचेवरील जवळपास ६ मिलिमीटरच घासता येतात, आणि प्रत्येक घासणीत त्यातील काही भाग कायमचा जातो. मातीच्या जमिनीतून खरडलेला थर मात्र भिजवून पुन्हा तिथेच बसवता येतो. याच्या बदल्यात लाकडी जमिनीचे काम अनेक वर्षांतून एकदा करावे लागते, तर मातीच्या जमिनीला दर आठवड्याला हात लावावा लागतो.

शहाबादी, कोटा किंवा सिमेंटच्या जमिनी धुता येतात, परंतु त्या फुटल्यास घरच्या साहित्याने दुरुस्त करता येत नाहीत.

तेल दिलेल्या मातीच्या जमिनी

मातीची जमीन धुण्याजोगी करण्यासाठी जवसाच्या तेलाचा वापर केला जातो. हे तेल हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट होते. पूर्ण वाळलेल्या जमिनीवर त्याचे अनेक हात दिले की वरचा थर कठीण व पाणी सोसणारा बनतो. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात ही पद्धत प्रचलित आहे. रवांडात अर्थएनेबल ही संस्था ग्रामीण घरांसाठी वाळणाऱ्या तेलाच्या रोगणाने बंदिस्त केलेल्या मातीच्या जमिनी तयार करते. जवस हे विदर्भातील पारंपरिक पीक असल्यामुळे हा प्रयोग येथील परिस्थितीलाही जवळचा आहे.

तेल देण्याआधी जमिनीत ओल राहिल्यास थर फुगून सुटतो, म्हणून तळातून ओल चढणाऱ्या घरांत ही पद्धत उपयोगी पडत नाही. तेल दिल्यावर वर शेणाचा थर धरत नाही. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्यास त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. लाकडी जमिनीला तेल देतानाही हाच धोका असतो. अशा चिंध्या मोकळ्या जागेत पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

हे सुद्धा पहा

सेवाग्राम
बापू कुटी
रांगोळी
काळी माती
जवस